लिंक द्या, लिंक घ्या : सुपेल्याच्या दुकानदाराला डिरेक्टरीचा उपयोग किती?

जी. ई. रोडला लागून असलेला सुपेला हा छत्तीसगडमधल्या भिलाईचा बाजार. सेक्टरांतली माणसं इथे खरेदीला उतरतात आणि दुर्गहून येणारा ग्राहकही इथेच थांबतो. आकाशगंगा संकुलात आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत कोचिंग क्लास, पॅथॉलॉजी लॅब, इन्व्हर्टर-बॅटरी, मोटर रिवाइंडिंग, लग्नाचे कपडे असा सगळा संसार एकमेकांना खेटून उभा आहे. यातल्या अनेकांनी गेल्या काही वर्षांत वेबसाइट काढली. वेबसाइट काढली की महिन्याभरात ठरावीक फोन आणि ईमेल सुरू होतात : पाचशे डिरेक्टऱ्यांत तुमची नोंद करून देतो, त्यांची लिंक तुम्ही तुमच्या साइटवर लावा, गुगलच्या पहिल्या पानावर याल.

अशी लिंकांची अदलाबदल करावी का, हा प्रश्न वीस-पंचवीस वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तर मधल्या काळात पार बदललं. ज्यांनी 2003 साली हो म्हटलं ते चुकले नव्हते. आज तेच ऐकून जो पैसे भरतो त्याचं नुकसान होतं, आणि छोट्या गावातल्या छोट्या दुकानदाराचं नुकसान होत असेल तर ते कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. म्हणून हा आढावा.

सुरुवात माणसांनी केलेल्या याद्यांपासून झाली. 1994 च्या जानेवारीत स्टॅनफर्डमधल्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या स्थळांची विषयवार यादी केली. तिचंच पुढे याहू झालं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगममार्फत. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी इंडियावर्ल्ड सुरू केलं आणि त्यांच्याच खोज डॉट कॉमवर भारतीय स्थळं शोधायची सोय झाली. नोव्हेंबर 1999 मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड 499 कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्या आकड्याची देशभर चर्चा झाली. शोधयंत्रं तेव्हा कच्ची होती. पानावर जो शब्द जास्त वेळा लिहिलेला, ते पान वर, एवढीच त्यांची अक्कल. अशा वेळी माणसाने तपासून यादीत घातलेलं स्थळ म्हणजे खात्रीचं स्थळ होतं.

या याद्यांतली सगळ्यांत मोठी म्हणजे डीमॉझ. 1998 च्या जूनमध्ये सुरू झालेली, नंतर नेटस्केपने घेतलेली, स्वयंसेवक संपादकांनी चालवलेली. तिचे दरवाजे 17 मार्च 2017 ला बंद झाले तेव्हा तिच्यात 38 लाखांहून जास्त स्थळं, दहा लाखांहून जास्त वर्ग आणि 90 भाषा होत्या. संपादकांची एकूण नोंद 91 हजारांच्या वर गेली होती. इथे नोंद फुकट होती, पण संपादकाला पटलं तरच. अर्ज करून वर्ष-वर्ष वाट पाहणारे लोक होते. याहू मात्र धंदेवाईक स्थळांकडून तपासणीसाठी वर्षाला 299 डॉलर घेत असे, आणि पैसे भरूनही नोंद होईलच याची हमी नसे. म्हणजे या दोन्ही ठिकाणची लिंक मिळवावी लागत होती. तिला किंमत आली ती त्यामुळेच.

ही किंमत आकड्यांत मांडली गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी. 1998 च्या त्यांच्या शोधनिबंधात पेजरँकचं सूत्र आहे. अदलाबदलीचा सगळा बाजार त्याच सूत्राच्या पोटातून निघाला, म्हणून ते जरा जवळून पाहू. प्रत्येक पानाला 0.15 एवढी पायाभूत किंमत मिळते. त्यावर, जे पान तुमच्याकडे लिंक देतं त्याच्या किमतीचा 85 टक्के वाटा तुमच्याकडे येतो; पण त्या पानावर जितक्या लिंका असतील तितक्यांत तो विभागून. आता सुपेल्यातली दोन दुकानं घ्या, एक चष्म्याचं आणि एक शिलाई मशीनचं. दोघांच्या पानांना कुणीच लिंक देत नाही, तेव्हा दोघांची किंमत 0.15. चष्मेवाल्याने एकतर्फी लिंक दिली तर मशीनवाला 0.2775 वर जातो आणि चष्मेवाला आहे तिथेच राहतो. पण दोघांनी एकमेकांना एकेक लिंक दिली तर गणित फिरत फिरत दोघांनाही 1 वर नेऊन ठेवतं. दोघांची किंमत साडेसहा पटींहून अधिक वाढली, आणि चष्म्याचा शिलाई मशीनशी काहीएक संबंध नाही. सूत्राला संबंध कळतच नव्हता.

इथवर अदलाबदल फायद्याची दिसते. पण डिरेक्टरीशी केलेली अदलाबदल वेगळी, कारण डिरेक्टरीच्या एका पानावर शंभर लिंका असतात. समजा त्या पानाची किंमत 4 आहे. तिचा 85 टक्के भाग 3.4, शंभरांत वाटला की तुमच्या वाट्याला 0.034. तुमच्या मुख्य पानावर मात्र पाचच लिंका, त्यांतली एक तुम्ही डिरेक्टरीला दिली, म्हणजे तुमच्या वाटपातला पाचवा हिस्सा बाहेर गेला. जुन्या, भोळ्या सूत्रातसुद्धा हा सौदा पुष्कळदा आतबट्ट्याचा होता. ज्यांनी पाचशे नोंदींची पॅकेजं विकली त्यांनी हे गणित कधी कुणाला दाखवलं नाही.

तरीही डिरेक्टऱ्यांचं पेव फुटलं. डिसेंबर 2000 मध्ये गुगलने ब्राउझरसाठी टूलबार आणला आणि त्यात शून्य ते दहाच्या मापाची हिरवी पट्टी दाखवली. अदृश्य किंमत एकदम डोळ्यांना दिसू लागली आणि तिचा बाजार मांडला गेला. पुढच्या काही वर्षांत पीएचपी लिंक डिरेक्टरी नावाची तयार प्रणाली आली. ती सर्व्हरवर चढवली की तासाभरात तुमची स्वतःची डिरेक्टरी तयार. त्या डिरेक्टऱ्यांचा अर्ज ज्यांनी भरला असेल त्यांना तो अजून आठवत असेल. सगळ्यांत वर तीन गोल : पैसे भरून ठळक नोंद, साधी नोंद, आणि परतीच्या लिंकसह साधी नोंद. खाली शीर्षक, पत्ता, वर्णन, ईमेल, वर्ग. तिसरा गोल निवडला की आणखी एक रकाना भरायचा, तुम्ही आमची लिंक कुठल्या पानावर लावली त्या पानाचा पत्ता. शेजारी चिकटवायचा कोड तयार. पाठवा म्हटलं की प्रणाली तुमच्या पानावर जाऊन लिंक खरंच लागली आहे का ते बघणार, नसेल तर अर्ज परत. या सगळ्या व्यवहारात तुमची वेबसाइट कुणी माणूस वाचतच नव्हता. डीमॉझच्या लिंकला जी किंमत होती ती वाचणाऱ्या माणसामुळे होती. इथे तो माणूसच गायब झाला आणि उरली फक्त लिंक.

गुगलच्या लक्षात हे यायला वेळ लागला नाही. 2005 च्या शरदात आलेल्या, एसईओवाल्यांनी (शोधयंत्रांत स्थळं वर आणून देण्याचा धंदा करणाऱ्यांनी) जॅगर असं नाव दिलेल्या बदलांत परस्पर लिंका आणि लिंकांची शेतं, म्हणजे फक्त लिंका वाटण्यासाठी उभारलेली स्थळं, यांना मोठा फटका बसला. मग तीन-तीन स्थळांची साखळी सुरू झाली, म्हणजे पहिल्याने दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला, अदलाबदल दिसू नये म्हणून. लिंकांचा अख्खा आलेख ज्याच्या हातात आहे त्याला असलं वर्तुळ शोधणं कठीण नाही.

याहून बोलकी घटना 2008 च्या ऑक्टोबरातली आहे. तोवर गुगल स्वतः संकेतस्थळचालकांना सांगत असे की डीमॉझ आणि याहूसारख्या डिरेक्टऱ्यांत नोंद करा. त्या महिन्यात हा सल्ला मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला गेला. डीमॉझच्या माहितीवर गुगलने उभारलेली स्वतःची डिरेक्टरी 2011 मध्ये बंद झाली. याहूची डिरेक्टरी 2014 च्या डिसेंबरात मिटली. टूलबारची हिरवी पट्टी 2016 मध्ये गेली. एकेक करून सगळे खांब काढले गेले, पण पॅकेज विकणाऱ्यांचं वाक्य तेच राहिलं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. 2011 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं प्रकरण उघड केलं. हजारो असंबद्ध पानांवर तिच्याकडे नेणाऱ्या लिंका पेरल्या गेल्या होत्या. गुगलने कारवाई केली आणि सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली ही साखळी 71 व्या क्रमांकावर गेली. पुढच्या वर्षी, 24 एप्रिल 2012 ला, गुगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आला. इंग्रजीतल्या सुमारे 3.1 टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं गुगलने सांगितलं होतं. ज्यांनी डिरेक्टऱ्यांच्या भरवशावर नाव कमावलं होतं त्यांच्यापैकी कित्येकांचा ग्राहक रातोरात तुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नको त्या लिंका नाकारण्याचं साधन दिलं गेलं, आणि जे लोक काल लिंका लावायचे पैसे घेत होते तेच त्या काढायचे पैसे घेऊ लागले.

2016 च्या सप्टेंबरात पेंग्विनचा स्वभाव बदलला. अशा लिंकांबद्दल शिक्षा करण्याऐवजी तो त्यांना मोजणंच सोडून देऊ लागला. 2022 च्या डिसेंबरातल्या सुधारणेत स्पॅमब्रेन या यंत्रणेकडून हेच काम आणखी बारकाईने होऊ लागलं. आजच्या गुगलच्या धोरणात अति प्रमाणात केलेली लिंकांची अदलाबदल आणि हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंका ही दोन्ही नावं लिंक-स्पॅमच्या उदाहरणांत स्पष्ट लिहिलेली आहेत. ज्या एकाच वाक्यावर ते पॅकेज विकलं जातं, त्यातले दोन्ही शब्द निषिद्ध यादीत आहेत.

मग परस्पर लिंक म्हणजे विषच का? नाही, आणि इथे टोकाला जाणाऱ्यांशी माझं पटत नाही. एसईओची साधनं बनवणाऱ्या आहरेफ्स कंपनीने 2020 मध्ये लाखाहून जास्त, बऱ्यापैकी वाचक असलेल्या स्थळांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश स्थळांच्या काही ना काही लिंका परस्पर निघाल्या. ते स्वाभाविकच आहे. ज्यांचं एकमेकांशी काम पडतं ते एकमेकांचं नाव घेतात. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून आहे. गावोगावची मराठी मंडळं त्याची सभासद. मंडळाच्या स्थळावर सभासद मंडळांची यादी असते आणि सभासद मंडळं आपल्या पानावर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं नाव देतात. ही डिरेक्टरीच आहे आणि ही अदलाबदलच आहे. पण नव्या गावात बदली झालेलं कुटुंब ती यादी उघडून आपल्या शहरातलं मंडळ शोधतं. लिंकवर बोट ठेवणारं माणूस खरं आहे. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1935 ची. त्याच्या आणि दुर्ग-भिलाईच्या मराठी संस्थांच्या पानांनी एकमेकांचे पत्ते दिले तर त्यात गुगलने नाक मुरडावं असं काही नाही.

मराठीत आणखी एक उदाहरण होऊन गेलं. मराठी ब्लॉग विश्व या स्थळावर मराठी ब्लॉगांची नोंद होत असे आणि ताज्या नोंदी एका जागी दिसत. शेकडो ब्लॉगांच्या कडेला त्याचं छोटं चिन्ह झळकायचं. परतीची लिंकच ती. पण मराठी टंकलेखन नुकतंच सोपं होत असलेल्या त्या दिवसांत वाचकाला लेखक आणि लेखकाला वाचक मिळाला तो अशाच चिन्हांतून. गुगलमधला क्रमांक हा तिथे कुणाचा पहिला विचार नव्हता. डिरेक्टरीचा खरा उपयोग मला तिथे दिसतो, शोधयंत्राने नीट न ओळखलेल्या भाषेला तिने वाट करून दिली.

आता पुन्हा सुपेल्यात येऊ, कारण इथे प्रश्नाला तिसरं अंग आहे आणि दुकानदाराच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. रामनगरमधल्या मुलाची आई मोबाइलवर कोचिंग शोधते तेव्हा तिला आधी नकाशा आणि त्याखाली तीन नावं दिसतात. हा स्थानिक शोध. त्यातला क्रम गुगलच्या सांगण्यानुसार तीन गोष्टींवर ठरतो : मागितलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. प्रसिद्धी जोखताना वेबवर इतरत्र तुमच्याबद्दल काय आढळतं हे गुगल बघतं, आणि त्याच्या मदतपानांनी या संदर्भात लिंका आणि लेखांच्या जोडीने डिरेक्टऱ्यांचंही नाव घेतलेलं आहे. म्हणजे डिरेक्टरीला इथे अजून जागा आहे. मात्र तिथे कामाला येतं ते तुमचं नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे सारखा असणं. परतीची लिंक कुणी मागत नाही.

आणि नेमकं हेच आपल्याकडे बिघडलेलं असतं. एकाच दुकानाचा पत्ता एका ठिकाणी आकाशगंगा, सुपेला; दुसऱ्या ठिकाणी जी. ई. रोड, भिलाईनगर, तिसरीकडे नुसतं दुर्ग, चौथीकडे पॉवर हाऊसजवळ, जे सुपेल्याहून चांगलंच लांब. फोनच्या जागी कधीच कापलेला 0788 चा लँडलाइन. एका नोंदीत दुकानाचं नाव हिंदी वळणाचं, दुसऱ्यात मालकाचं आडनाव जोडलेलं. पाचशे डिरेक्टऱ्यांचं पॅकेज घेतलं की दुसऱ्या शहरात बसलेला, सुपेला कधी न पाहिलेला मुलगा एक चुकीचा पत्ता पाचशे ठिकाणी चिकटवतो. त्यातल्या निम्म्या डिरेक्टऱ्यांकडे नंतर कुणी ढुंकून बघत नाही, दुरुस्तीचा अर्ज केला तर उत्तर येत नाही, आणि जुना नंबर वर्षानुवर्षं फिरत राहतो. पॅथॉलॉजी लॅबच्या बाबतीत हा नुसता गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. रिपोर्टसाठी फोन लावणारा रुग्ण त्या मेलेल्या नंबरवर अडकतो.

म्हणून नोंदी थोड्या कराव्यात आणि स्वतः बसून कराव्यात. पहिली गुगल बिझनेस प्रोफाइलची. ती फुकट आहे आणि पैसे देऊन तिथला क्रम वर नेता येत नाही, असं गुगल स्वतः सांगतं. तसं आश्वासन देणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा. मग जस्टडायल. व्ही. एस. एस. मणी यांनी 1996 मध्ये मुंबईत टेलिफोनवर माहिती द्यायला सुरू केलेली ही सेवा, 2021 पासून रिलायन्स रिटेलच्या ताब्यात. घरगुती सेवा शोधणारा माणूस तिथे खरोखर जातो. नंदिनी रोड किंवा हथखोजच्या औद्योगिक भागातल्या फॅब्रिकेशनवाल्याला मात्र जस्टडायलपेक्षा इंडियामार्ट जवळचं, कारण खरेदी करणारा कारखाना तिथे माल शोधतो. ही सेवाही 1996 चीच, दिनेश अग्रवाल आणि ब्रिजेश अग्रवाल यांनी सुरू केलेली. तिथे एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते, त्यामुळे पहिला फोन कोण उचलतो यावर पुष्कळ अवलंबून. या ठिकाणांहून येणारी लिंक गुगलच्या लेखी धरली जाते की नाही हा वाद मी बाजूला ठेवीन. तिथून गिऱ्हाईक येतं, पत्ता पक्का होतो, एवढं कारण पुरेसं आहे.

यापलीकडे ज्या लिंका खरंच वजनदार असतात त्या सुपेल्यातल्या दुकानदाराच्या हाताशी असतात आणि तो त्या मागत नाही. बॅटरीच्या अधिकृत विक्रेत्याचं नाव कंपनीच्या विक्रेता-यादीत असायला हवं, वेबसाइटच्या पत्त्यासकट. कोचिंग क्लासने एखाद्या महाविद्यालयात व्याख्यान दिलं तर महाविद्यालयाच्या पानावर त्याचा उल्लेख येऊ शकतो. व्यापारी संघटनेच्या सभासद-यादीत नाव असतं, पण वेबसाइटचा रकाना रिकामा असतो. या याद्याही डिरेक्टऱ्याच आहेत. फरक इतकाच की त्यात शिरायला आधी काहीतरी खरं नातं असावं लागतं. एक ईमेल किंवा ऑफिसात एक चक्कर, एवढ्यात जे होतं त्यासाठी आपण पाचशे अनोळखी याद्यांना पैसे देतो.

ज्यांनी पूर्वी अदलाबदल केली आहे त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. आपल्या साइटवर मित्रस्थळं किंवा उपयुक्त दुवे अशा नावाचं पान असेल तर ते उघडून एकेक लिंक तपासावी. ज्या स्थळाला ती दिली होती ते विकलं जाऊन तिथे आता सट्टा किंवा झटपट कर्ज विकलं जात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि लॅबच्या किंवा शिकवणीच्या पानावरून आपण लोकांना तिकडे पाठवत असू तर ते आजच्या आज बंद करायला हवं. गुगलपेक्षा आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसासाठी. बाहेरून आपल्याकडे येणाऱ्या जुन्या डिरेक्टरी-लिंका बहुधा आधीच मोजल्या जात नाहीत. गुगलकडून कारवाईची सूचना आली नसेल तर नाकारण्याच्या साधनाच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यात चुकून चांगली लिंकही नाकारली जाते.

आणि ज्याला अजून शंका असेल त्याने पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून त्या पाचशेतली दहा नावं मागून घ्यावीत. ती एकेक उघडावीत. वर्गवारीत भिलाई सापडतं का, शेजारच्या नोंदी कुणाच्या आहेत, शेवटची नोंद कधीची आहे, दिलेल्या नंबरांपैकी एखादा लागतो का. नंतर आपल्या स्थळाच्या ॲनालिटिक्समध्ये त्या डिरेक्टऱ्यांकडून महिन्याभरात किती माणसं आली ते पाहता येतं, आणि गुगलच्या सर्च कन्सोलमधल्या लिंक-अहवालात कोण कोण आपल्याकडे बोट दाखवतं त्याची यादी फुकट मिळते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, आमचा पत्ता कुठे मिळाला, एवढं विचारून वहीत लिहून ठेवलं तर तीन महिन्यांत पुढच्या वर्षीचा खर्च कुठे करायचा ते ठरवता येईल.